राणोजींचा प्रमाद

अंबत्तूरच्या औद्योगिक वसाहतीत ट्रकांचं एक सर्व्हिस स्टेशन आहे. तिथे इंजिनावरचं झाकण उघडायचा अधिकार चौघांना. अधिकार म्हणजे निळं कार्ड, फोटोसकट, गळ्यात अडकवायचं. तिघांचे फोटो त्यांच्यासारखे दिसतात. चौथ्या कार्डावरचा फोटो राणोजींच्या धाकट्या भावाचा वाटतो, आणि धाकटा भाऊ त्यांना नाही.

राणोजी अठ्ठावन्नाला निवृत्त झाले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. तेव्हापासून दर एकतीस डिसेंबरला मॅनेजर मधुसूदन एका कागदावर सही करायचा आणि निळं कार्ड आणखी एक वर्ष जगायचं. मध्यंतरी मधुसूदननं त्यांना स्टोअरमधली खुर्ची देऊ केली होती. वर पंखा, बाजूला एसी, समोर नुसत्या पावत्या. राणोजींनी खुर्चीत बसून पाहिलं आणि पाचव्या मिनिटाला उठले.

"काय झालं?" मधुसूदननं विचारलं.

"इथून इंजिन ऐकू येत नाही सार."

एवढंच त्यांना हवं होतं. खुर्ची नको, हार नको, निरोपाचं भाषण तर नकोच. झाकण उघडावं, लांब पेचकसाचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावावी, आणि ऐकावं. ते कार्ड असेतोवर ऐकता येणार होतं.

राणोजींचे पूर्वज घोड्यांवरून तंजावरला आले, असं त्यांच्या घरात सांगतात. घोड्यांचं पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. राणोजी स्वतः एकोणिसाव्या वर्षी बसनं मद्रासला आले, कोरट्टूरला भाड्यानं राहिले, आणि शहराचं नाव बदललं तरी त्यांचं घर तेच राहिलं. घरात मराठी. ती मराठी साडेतीनशे वर्षांपूर्वी माहेराहून निघाली ती परत गेलीच नाही. वाटेत भेटलेल्या तमिळ शब्दांना तिनं घरात घेतलं, जेवू घातलं, आणि आता पाहुणा कोण नि घरचा कोण हे तिलाही सांगता येत नाही. राणोजींना देवनागरी वाचता येत नाही. इंजिनाच्या झाकणावर ते खडूनं मराठी शब्द तमिळ अक्षरांत लिहितात. तमिळ माणसाला अक्षरं कळतात, शब्द कळत नाही. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला दोन्ही कळत नाहीत.

महाराष्ट्रातून आलेलं माणूस तिथे एकच होतं. रुचा. सांगलीची, सत्तावीस वर्षांची, सर्व्हिस इंजिनीयर. इंजिनाबद्दल तिला सगळं माहीत होतं आणि तिची नखं स्वच्छ होती. पहिल्या दिवशी तिनं राणोजींना गाठलं.

"काका, तुम्ही मराठी? कुठले?"

"तंजावूर."

"नाही, मूळचे?"

"तंजावूर."

"म्हणजे, त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी नव्हतो अम्मा."

रुचानं पुन्हा विचारलं नाही. पण तेव्हापासून दुपारचा डबा ती राणोजींच्या शेजारी बसून खायची.

त्या डिसेंबरात वादळ आलं. दोन दिवस पाऊस सरळ पडलाच नाही, आडवा आला. सर्व्हिस स्टेशनच्या आवारात गुडघाभर पाणी साठलं आणि त्यात नऊ ट्रक उभे होते. नऊही एकाच मालकाचे, सीएनजीवर चालणारे, घरोघर पिण्याच्या पाण्याचे कॅन पोचवणारे. शहरात लोकांच्या स्वयंपाकघरांत पाणी होतं आणि प्यायला पाणी नव्हतं. ते आणून देणारे ट्रक पाण्यात उभे होते. यावर कुणी विनोद केला नाही. तो प्रत्येकाला आपापला सुचला होता.

पाणी ओसरल्यावर केबिनी पुढे झुकवल्या. नऊ ट्रक नऊ यजमानांसारखे ओणवे झाले. खालून इंजिनं ठीक होती, पाणी तिथवर चढलं नव्हतं. ते वरून आलं होतं. इंजिनावरच्या झाकणाच्या कडेला फोमची पट्टी असते. ती पहिले काही तास पाण्याला अडवत राहिली, मग पाणी प्यायली, आणि मग पाण्याच्याच बाजूची झाली.

सीएनजीच्या इंजिनाला पेट्रोलसारखे स्पार्क प्लग लागतात. ते बसतात वीतभर खोल विहिरीत, एका ट्रकाला चार. राणोजींनी पहिलं झाकण काढलं आणि रुचानं विजेरी मारली. चारही विहिरींना पाणी होतं. तिनं प्लगचा पाना हातात घेतला.

"अम्मा, थांबा."

"काय?"

"प्लग म्हणजे काय?"

"स्पार्क देतो तो."

"ते नंतर. आत्ता तो बूच आहे. बूच काढलंत तर वरचं पाणी कुठं जाईल?"

रुचानं विहिरीत पाहिलं. विहिरीच्या तळाशी प्लग, प्लगच्या खाली सिलिंडर. तिनं पाना खाली ठेवला.

"हवा मारून उडवते मग."

"कॉम्प्रेसर पाण्यात बुडालाय."

"मग?"

राणोजींनी पिशवीतून जुनी वेष्टी काढली. तमिळ देशात धोतराला वेष्टी म्हणतात, आणि ही तर इतकी धुतली गेली होती की तिच्यातून पलीकडचं दिसायचं. त्यांनी तिच्या चिंध्या फाडल्या, मांडीवर वळून समईला घालतात तशा लांब वाती केल्या आणि एकेका विहिरीत एकेक सोडली. वातीचं दुसरं टोक इंजिनाच्या कडेवरून खाली, विहिरीच्या तळापेक्षाही खाली लोंबत ठेवलं. थोड्या वेळानं त्या टोकाला थेंब धरला. मग पडला. मग दुसरा.

"किती वेळ लागेल?" रुचानं विचारलं.

"पाण्याला विचारा."

छत्तीस विहिरी होत्या. दोन दिवस आवारात टपटप चालली होती. पाणी सरलं की राणोजी कोरड्या वातीनं तळ पुसायचे, गंजलेल्या प्लगच्या बुडाशी तेलाचा एक थेंब सोडायचे, आणि मग पाना असा फिरवायचे जसा कुणी झोपलेल्या मुलाच्या हातातून खेळणं काढतो. तरीही तीन प्लगांची चिनीमाती तडकली. नवे मागवले होते. ते तीन आठवड्यांनी येणार होते, कारण गोदामही पाण्यात होतं. स्टोअरच्या वरच्या फळीवर कोरडे पाच निघाले, त्यातले तीन घेतले. बाकीचे तेहतीस सुकवायचे होते, आणि ज्या विहिरीतला त्याच विहिरीत परत जायला हवा होता. प्रत्येकाच्या टोकावरची राख त्या सिलिंडरची तब्येत सांगते. ती सरमिसळ झाली तर कोण आजारी ते कळणार नाही.

राणोजी प्लग घरी घेऊन गेले. राजसबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे काय?"

"सुकवायचेत."

"किती?"

"तेहतीस. आणि एकाचा दुसऱ्यात मिसळता कामा नये."

राजसबाई आत गेल्या आणि इडलीच्या ताटल्या घेऊन आल्या. एका ताटलीला चार खळगे. एक ताटली म्हणजे एक ट्रक. घरात चार ताटल्या होत्या, पाच शेजारून आल्या. शेजारणीनं विचारलं, पाहुणे येणार आहेत का. राजसबाईंनी सांगितलं, नऊ, पण जेवणार नाहीत. मग कोरडं इडलीपात्र मंद आचेवर, झाकण उघडं, आणि राजसबाई हातात चिमटा घेऊन उभ्या.

"हा पांढरा पडलाय," त्या म्हणाल्या.

"कोणत्या ताटलीतला?"

"सहाव्या."

"सहाव्याला गॅस कमी पोचतो. लक्षात ठेव."

"तूच ठेव. मला उद्या यात इडल्या करायच्यात."

राहिली झाकणं. फोमच्या पट्ट्या गेल्या होत्या आणि नव्या झाकणांनाही तेच तीन आठवडे. हवामान खातं म्हणत होतं, शुक्रवारी आणखी एक कमी दाबाचा पट्टा. राणोजींनी कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडून जुन्या ट्यूब आणल्या, उभ्या चिरल्या, आणि प्रत्येक झाकणाच्या कडेला साडीला काठ लावावा तशा बसवल्या. जिथे जोड येतो तिथे त्यांनी एक बारीक तोंड ठेवलं, आत वाफ धरली तर बाहेर पडायला.

"काका, हे नियमात बसत नाही," रुचा म्हणाली. "झाकणाखाली कंपनीची नसलेली वस्तू चालत नाही."

"पाणी कंपनीचं होतं?"

रुचानं जॉबशीटवर मात्र खरं ते लिहिलं : तात्पुरती रबरपट्टी बसवली. तिला खोटं लिहायची सवय नव्हती. ती सवय नसल्याचे परिणाम पुढे आलेच.

नऊ ट्रक नऊ चाव्यांनी सुरू झाले. सहावा थोडा कुरकुरला, मग त्यालाही पटलं. शुक्रवारी पाऊस आला, आडवाच आला, आणि ट्रक त्यातून कॅन घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, पेरुंगुडीपर्यंत जाऊन आले.

सतरा तारखेला पुण्याहून उमाकांत आले.

उमाकांत कंपनीच्या मुख्य कार्यालयात वॉरंटीचं काम पाहत. देशात कुठेही झाकणाखाली परकी वस्तू निघाली की उमाकांत विमानात बसत. स्वभावानं सज्जन. मराठीबद्दल मात्र कडक. कार्यालयातल्या मराठी भाषा दिनाचं सूत्रसंचालन गेली अकरा वर्षं त्यांच्याकडे होतं, आणि 'चूक' हा शब्द त्यांना जरा घरगुती वाटायचा. इथला वृद्ध यंत्रज्ञ मराठी आहे असं कळल्यावर त्यांचा चेहरा उजळला. अंबत्तूरमध्ये आपल्याला शुद्ध मराठीत चौकशी करता येईल, असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

रुचाला त्यांनी जॉबशीटच्या प्रती आणायला पाठवलं. प्रिंटरमध्ये कागद अडकला, म्हणून पुढचं सगळं तिच्या माघारी घडलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, तीही मोठी, अपराधाच्या शेजारी बसणारी. तमिळमध्ये तोच शब्द प्रमादम् होतो आणि त्याचा अर्थ होतो अप्रतिम, झकास, क्या बात है. राणोजींच्या घरात हा शब्द कधीतरी तमिळच्या दारातून आत आला होता आणि शेवटचा म् दारातच विसरला होता. राजसबाईंचं रसम प्रमाद व्हायचं. मुलीचा दहावीचा निकाल प्रमाद लागला होता.

तपासणीसाठी ट्रक परत बोलावले होते; सहाव्याचं झाकण उघडलं होतं. उमाकांतांनी पेननं सायकलच्या ट्यूबकडे खूण केली, ती एका टोकाला जरा उचलून पाहिली आणि गंभीरपणे विचारलं,

"राणोजीराव, हा प्रमाद कोणाचा?"

राणोजी ताठ उभे राहिले. एकेचाळीस वर्षांत मुख्य कार्यालयातून कुणी आलं आणि असं म्हणालं, हे पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी गळ्यातलं कार्ड सरळ केलं.

"माझाच सार."

"एकट्याचा?"

"एकट्याचा. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

उमाकांतांनी टॅब्लेटवर लिहून घेतलं. इतक्या लवकर कबुली मिळायची त्यांना सवय नव्हती.

"यापूर्वी आपल्या हातून असे प्रमाद घडले आहेत?"

"पुष्कळ."

"अंदाजे?"

"स्वतःच्या तोंडानं काय सांगू सार. बाहेर कुणालाही विचारा."

"म्हणजे सर्वांना ठाऊक आहे?"

"गिऱ्हाईकं त्यासाठीच येतात."

उमाकांतांची भुवई वर गेली. तरी पेन थांबलं नाही.

"इतरांनाही आपण हे शिकवलं आहे काय?"

"शिकवलं. पण त्यांच्याकडून होत नाही. त्याला मन लावावं लागतं."

"आणि यापुढे? पुन्हा प्रमाद करणार?"

राणोजींनी खिशातला रुमाल काढला. माणसाला निवृत्तीनंतर दोन वर्षांनी कुणीतरी हे विचारावं!

"कार्ड आहे तोवर, रोज," ते म्हणाले.

उमाकांतांनी टॅब्लेट पुढे केला. राणोजींनी बोटानं सही केली, तमिळ अक्षरांत, नेहमीपेक्षा मोठी.

रुचा कागद घेऊन आली तेव्हा उमाकांत दुसऱ्या ट्रकापाशी गेले होते आणि राणोजी रुमालानं डोळे टिपत होते.

"काका, काय झालं?"

"अम्मा, तुमच्या पुण्याचे सार फार मोठ्या मनाचे."

"काय म्हणाले?"

"प्रमादम् म्हणाले. तीन तीनदा विचारलं, कुणाचं काम."

"त्यांना तमिळ येतं?"

"छे, शुद्ध मराठीत म्हणाले."

रुचा दोन वर्षं कँटीनमध्ये डबा खात होती. प्रमादम् तिनं रोज ऐकला होता, वड्याबद्दल, चटणीबद्दल. तिच्या हातातल्या कागदांपैकी एक खाली पडला. ती उमाकांतांकडे धावली.

"सर, ते निवेदन रद्द करा. गैरसमज झालाय. इथे प्रमाद म्हणजे चांगलं."

"रुचाताई, प्रमाद म्हणजे प्रमाद. कोणताही शब्दकोश पाहा."

"इथला शब्दकोश वेगळा आहे."

"तो माणूस मराठी आहे. मी मराठीत विचारलं, त्यांनी मराठीत कबूल केलं. शिवाय त्यांचंच म्हणणं आहे की बाहेर कुणालाही विचारा. विचारू या."

बाहेर कॅनवाल्या ट्रकांचे तीन चालक चहा पीत होते. पहिला एळुमलै, सहाव्या ट्रकाचा. उमाकांतांनी हिंदीत विचारलं, राणोजीनं गाडीचं काय केलं?

एळुमलैला हिंदीतलं फक्त राणोजी कळलं. तेवढं पुरलं.

"राणोजी सारचं काम? प्रमादम्!"

"पाहा," उमाकांत रुचाला म्हणाले.

दुसऱ्यानं मान डोलावली. "रोम्ब प्रमादम् सार."

"रोम्ब म्हणजे?"

"खूप, सर."

"गंभीर आहे," म्हणत उमाकांतांनी तेही टिपून घेतलं.

तिसऱ्यानं चहाचा पेला खाली ठेवला, पाचही बोटांची टोकं जुळवली, ओठांना लावली आणि हवेत सोडून दिली.

उमाकांत त्या हाताकडे पाहत राहिले.

"हे काय केलं यानं?"

"सांबार फक्कड झालं की असं करतात, सर."

उमाकांतांनी टॅब्लेट उघडला, निवेदन पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं आणि चष्मा काढला. मग तो पुसला. काच स्वच्छच होती.

राणोजींना रुचानं समजावून सांगितलं. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा, इंजिनात अनोळखी आवाज आला की होतो तसा झाला होता.

"पुण्यात प्रमाद म्हणजे चूक?"

"हो काका."

"नेहमी?"

"नेहमी."

राणोजींनी विचार केला. "शब्द आमच्याकडे आला तो चांगला राहिला. तुमच्याकडे राहिला तो बिघडला. पाणी लागलं असेल."

उमाकांत हसले नाहीत, पण त्यांनी विरोधही केला नाही. ते म्हणाले, "राणोजीराव, झालं ते माझ्यामुळे झालं. निवेदन मी काढून टाकतो. पण रबरपट्टी आहे, जॉबशीटवर नोंद आहे, तेव्हा नियमबाह्य वस्तू म्हणून तक्ता भरावाच लागेल. त्यात दोन चौकोन आहेत. पहिला, अनवधानाने. दुसरा, हेतुपुरस्सर. पहिल्यावर खूण केलीत तर विषय संपला. समज दिली म्हणून लिहीन, कार्ड राहील, एकतीसला सही होईल."

"आणि दुसऱ्यावर?"

"कार्ड जातं. यंत्रणेतच तसं आहे. माझ्या हातात नाही."

"अनवधान म्हणजे काय?"

यावेळी उमाकांतांनी अर्थ सोपा करून सांगितला. "लक्ष नव्हतं, म्हणून घडलं."

"लक्ष होतं की."

"मला ठाऊक आहे. फक्त कागदापुरतं."

"काका, करा ना पहिल्यावर," रुचा म्हणाली. "मीच लिहिलं जॉबशीटवर. माझ्यामुळे झालंय. कोण बघतंय कुठला चौकोन ते?"

राणोजी सहाव्या ट्रकापाशी गेले. झाकण अजून उघडंच होतं. त्यांनी ट्यूबच्या काठावरून अंगठा फिरवला, एका कोपऱ्यापासून जोडापर्यंत, जिथे वाफेसाठी बारीक तोंड ठेवलं होतं तिथवर. ते तोंड कुठे ठेवावं यावर त्यांनी एक अख्खी दुपार घातली होती. पहिल्या दोन झाकणांची तोंडं चुकली म्हणून पट्ट्या काढून पुन्हा कापल्या होत्या.

"सार," ते तिथूनच म्हणाले, "पहिल्या दोन पट्ट्या चुकल्या होत्या. त्या फेकल्या. त्यांच्यासाठी पहिला चौकोन लिहा."

"त्या मोजत नाहीत. आत ज्या आहेत त्या मोजतात."

"आत आहेत त्या लक्ष देऊन केल्यात. लक्ष नव्हतं असं लिहून दिलं तर उद्या मी कुठल्या तोंडानं कुणाचं इंजिन ऐकू?"

"उद्या ऐकायलाच मिळणार नाही काका!" रुचा म्हणाली.

"तेही आहे," राणोजी म्हणाले.

त्यांनी झाकण खाली लावलं. मग आले, विचारलं, "दुसरा कुठला? मला ही अक्षरं वाचता येत नाहीत," आणि उमाकांतांनी दाखवला त्या चौकोनावर बोट ठेवलं. काचेवर वंगणाचा ठसा उमटला. तो उमाकांतांनी पुसला नाही. विमानात बसेपर्यंत तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी मधुसूदननं निळं कार्ड मागून घेतलं. राणोजींनीच विचारलं, आता कुठे? स्टोअरची खुर्ची आहेच, मधुसूदन म्हणाला. राणोजी म्हणाले, ती सोडून काय आहे? तर वॉटर वॉश होता. ट्रक धुवायची जागा.

संध्याकाळी राजसबाईंनी विचारलं, "कार्ड कुठं?"

"बदली जाहली."

"कुठं?"

"पाण्यात."

राजसबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ताटात दोन इडल्या जास्त वाढल्या आणि म्हणाल्या, "सर्दी झाली तर मला सांगू नको."

वॉटर वॉशमध्ये राणोजींनी पहिल्या दिवशी पाण्याच्या पाइपचं तोंड ताब्यात घेतलं. चालकांना इंजिन धुऊन हवं असे, चकचकीत, तपासणीच्या साहेबाला दाखवायला. एळुमलैही केबिन झुकवून तयार होता.

"वरून मारा सार, जोरात."

"चाकं धुईन. इंजिन नाही."

"सगळेच धुतात."

"सगळ्यांचे प्लग कोण काढतं मग?"

"तुम्ही."

"आता मी नाही काढत," राणोजी म्हणाले आणि पाणी चाकांवर सोडलं.

जानेवारीत नवी झाकणं आली. नियमाप्रमाणे ट्यूबच्या पट्ट्या निघाल्या, फोमच्या बसल्या. पोंगलच्या सुमारास अवेळी एक सर आली आणि तिसरा ट्रक अडखळत आत आला. रुचानं केबिन झुकवली, झाकण उघडलं, आणि एका विहिरीत पाणी चमकलं. चौथं निळं कार्ड आता तिच्या गळ्यात होतं. मधुसूदनला चार माणसं पुरी करायची होती आणि डिग्री तिच्याकडे होती.

ती वॉटर वॉशकडे पाहत उभी राहिली. राणोजी पाइप बंद करून आले. दोन पावलांवर थांबले. दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"काका, बघा ना जरा."

"हात लावता येत नाही अम्मा. बघायला कार्ड लागत नाही." ते वाकले. "पाना ठेवा खाली."

"ठेवला."

"कापड काय घेतलंय?"

"हे. कॉटन आहे."

"नवीन आहे. नवीन कापड पाणी पीत नाही, लाजतं. जुनं घ्या."

रुचानं जुनं फडकं फाडलं. पहिली वात सैल झाली. राणोजींचे हात पाठीमागे एकमेकांत वळवळत होते. दुसरी वात बरी झाली. ती विहिरीत उतरली, दुसरं टोक कडेवरून खाली आलं. दोघं बघत राहिले. काही पडेना.

"तळाला नाही पोचली," राणोजी म्हणाले. "आणखी दोन बोटं."

तिनं दोन बोटं सोडली. तेवढ्यात मधुसूदन फेरीवर आला आणि थांबला.

"राणोजी. तुमचे हात?"

राणोजींनी हात पुढे करून दाखवले. साबणाचा फेस होता, मनगटापर्यंत. मग मधुसूदननं रुचाचे हात पाहिले. वंगण, गंज, नखांत काळं. त्यानं मान हलवली आणि पुढे गेला.

टोकाला थेंब धरला. लोंबत राहिला. पडला.

"काका, पडला!"

राणोजींनी दुसरा पडेपर्यंत वाट पाहिली.

"चालेल," ते म्हणाले, आणि चाकं धुवायला गेले.